कपाळावरचं नाक

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर 1794 मध्ये संपादकांच्या नावे लिहिलेलं एक पत्र छापून आलं. खाली पूर्ण सही नव्हती, 'बी. एल.' एवढी दोनच अक्षरं होती. सोबत एका माणसाचं चित्र होतं. त्याच्या कपाळावर व्रण होता आणि त्याचं नाक नवं होतं. हा माणूस मराठा, शेतकरी जातीचा, नाव कावसजी. नाव पारशी वाटतं खरं. पण पत्रात जात अशी स्पष्ट लिहिली आहे, तेव्हा इंग्रजी कानाने ऐकलेलं ते कुठलं तरी मराठी नाव असणार. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचा. टिपू सुलतानाशी चाललेल्या युद्धात तो म्हैसूरकरांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला.

वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नाक करून दिलं. त्या माणसाबद्दल पत्रात एवढीच माहिती आहे की तो विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा होता. ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिलेल्या मुंबई इलाख्यातल्या डॉक्टरांची नावं पत्रात आहेत. त्यांतले एक थॉमस क्रूसो. कावसजीचं चित्र काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तर आपल्या चांगल्याच ओळखीचा. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं त्यानेच रंगवली. रोग्याचं नाव आहे, साक्षीदाराचं आहे, चित्रकाराचं आहे. ज्याने हातात वस्तरा धरला, त्याची फक्त जात तेवढी उरली. पुढच्या शंभर वर्षांत युरोपभर ज्या शस्त्रक्रियेला 'भारतीय पद्धत' म्हणू लागले, तिची सगळ्यांत नेमकी नोंद या निनावी कारागिराच्या कामाची आहे. म्हणून ते काम कसं झालं, हे जरा जवळून पाहू.

आधी मेण. मेणाची पातळ चकती उरलेल्या नाकाच्या खुंटावर दाबून तिला नाकाचा आकार द्यायचा. तो मनासारखा झाला की चकती काढून सपाट करायची आणि कपाळावर ठेवायची. तिच्या कडेने रेघ ओढायची. उभं, फुगीर नाक सपाट केलं की त्याला किती कातडं लागेल, हे त्या मेणाने आपोआप सांगितलं. शिंपी आधी कागदावर बेततो, त्यातलाच हा प्रकार. मग रेघेवरून कापून कपाळाचं कातडं खालच्या थरापासून सोडवायचं, पण सगळं नाही. दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. नाकाच्या खुंटावरचा जुना, बरा झालेला व्रण खरवडून ताजा करायचा, त्याच्या मागून वरच्या ओठापर्यंत खाच पाडायची आणि कपाळाचं कातडं अर्धा पीळ देऊन खाली आणून त्या खाचेत बसवायचं.

टाका एकही नाही. इंग्रजी पत्रात ज्याला 'जपानी माती' असं भलतंच नाव दिलं आहे, तो आपल्या पानातला कात. तो पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक चिकटवायच्या. कात वाळला की घट्ट धरतो, शिवाय तो तुरट. चार दिवस त्याला कोणी हात लावायचा नाही. मग तो काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे भोकं बुजत नाहीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला दोन डोळ्यांमधली ती पट्टी कापायची आणि थोडं कोरून-तासून नाकाला ठीकठाक रूप द्यायचं.

या सगळ्याची मेख त्या न कापलेल्या पट्टीत आहे. कातड्याचा एवढा मोठा तुकडा शरीरापासून पूर्ण तोडून दुसरीकडे नुसता चिकटवला तर तो काळा पडतो, कारण त्याला रक्त मिळत नाही. डोळ्याच्या खोबणीतून निघणारी एक बारीक धमनी भुवईच्या आतल्या टोकापाशी वर येते आणि कपाळात शिरते. पट्टी शाबूत ठेवली की ही वाट शाबूत राहते आणि नाकावर आणलेलं कातडं कपाळाच्या रक्तावर जगतं. तोवर खालच्या ताज्या जखमेतून नव्या केशवाहिन्या त्यात शिरत असतात. तीन-साडेतीन आठवड्यांत त्यांचं जाळं पुरेसं होतं आणि मग जुना देठ तोडला तरी चालतो. पुण्याजवळच्या त्या माणसाला धमनीचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण कुठे कापायचं नाही आणि किती दिवस कापायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्याला अचूक ठाऊक होत्या. आजही हा देठ साधारण तीन आठवड्यांनी तोडतात. म्हणजे सव्वादोनशे वर्षांत दिवसांचा हिशेब फारसा हललेला नाही.

हा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी लगेच सुश्रुताचं नाव घेतो. घ्यावंच, पण त्यात एक घोळ नेहमी होतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कापलेल्या नाकावरचा उपाय आहे. झाडाचं पान नाकाच्या मापाचं घ्यायचं आणि तेवढं कातडं सोडवायचं, एका बाजूने जोडलेलं ठेवून. नव्या नाकात दोन नळ्या घालायच्या. पण ते कातडं गालाचं आहे, कपाळाचं नाही. पान आणि मेण, नळ्या आणि कापडाचे बोळे, न तोडलेला देठ: विचार तोच आहे, जागा मात्र वेगळी. गाल सोडून कपाळाकडे वळणारा पहिला हात कोणाचा, हे कुठल्याही पोथीत नाही. विटा पाडणाऱ्यांपर्यंत ही विद्या कशी आली, तेही नाही. हिमाचलातल्या कांगड्यातही नाकं बसवणारी घराणी होती. वैद्यांच्या ग्रंथांबाहेर, बापाकडून मुलाकडे जाणारा हा धंदा होता, असं त्यावरून दिसतं. ग्रंथकाराला मान देताना या कारागिरांचं श्रेय नकळत त्याच्याच खात्यावर चढवलं जातं, हे मला पटत नाही. गालावर पडलेला व्रण चारचौघांत उठून दिसतो, आणि कपाळाच्या कातड्याचा रंग नि जाडी नाकाशी गालापेक्षा चांगली जुळते. हे ज्याच्या लक्षात आलं तो सुश्रुताइतकाच हुशार होता.

युरोपातही नाकं बनत होती, पण दंडाच्या कातड्याची. इटलीतल्या बोलोन्याचे प्राध्यापक तालियाकोत्सी यांनी 1597 मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ काढला. दंडाचं कातडं नाकाला जोडायचं आणि ते रुजेपर्यंत हात डोक्याला बांधून ठेवायचा, तोही आठवडेच्या आठवडे. पुढे ही पद्धत मागे पडली. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने पुण्याची हकीकत वाचली, प्रेतांवर हात बसवला आणि 1814 मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक कपाळाच्या कातड्याने उभं केलं. भूल नव्हती, ईथर यायला अजून बत्तीस वर्षं होती. 1816 मध्ये त्याने अशा दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिलं, 1818 मध्ये बर्लिनच्या ग्रेफेचं पुस्तक आलं, आणि तिथून ही पद्धत युरोपभर गेली.

कावसजीच्या नाकात एक उणीव मात्र होती. त्याला अस्तर नव्हतं. नाक म्हणजे नुसतं बाहेरचं कातडं नव्हे. आत ओलसर पातळ त्वचेचा थर असतो, मधे कूर्चेचा सांगाडा असतो आणि वर कातडं. कपाळावरून आणलेल्या कातड्याची आतली बाजू उघडीच राहिली, तर ती बरी होता होता आक्रसते, नाक गोळा होतं आणि नाकपुड्या बुजत जातात. दहाव्या दिवशीचे बोळे त्यासाठीच होते, पण ती डागडुजी झाली. आजचा सर्जन आधी अस्तर करतो, बहुधा नाकाच्या आतल्याच पडद्यापासून. मग कानाची किंवा बरगडीची कूर्चा कोरून सांगाडा उभा करतो आणि सगळ्यांत शेवटी कपाळाचं कातडं वर घेतो. मेणाची जागा आता टाक्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाने घेतली आहे, पण आधी आकार बेतून मग कपाळावर रेघ ओढायची, हे तसंच आहे.

बर्गेट आणि मेनिक या दोन अमेरिकन सर्जननी 1985 मध्ये यात एक विलक्षण भर घातली. आपला डोळा नाक अखंड पाहत नाही. शेंडा, दांडी, नाकपुडीची कमान असे भाग पाहतो आणि त्यांच्या सीमेवर सावली पडते. जखम शेंड्याच्या अर्ध्याहून मोठ्या भागावर असेल, तर उरलेलं धडधाकट कातडंही काढून टाकायचं आणि सगळा शेंडाच नवा करायचा. म्हणजे शिवणीची रेघ सावलीत लपते. चांगलं कातडं कापून टाका, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ठिगळ मधोमध दिसण्यापेक्षा ते बरं.

आज हे काम कोणाला लागतं? त्वचेच्या कर्करोगात नाक गमावलेल्यांना, अपघातातल्या जखमींना, भांडणात कोणी चावा घेतलेल्यांनाही. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात आणखी एक कारण आहे: अस्वल. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या माणसासमोर ते अचानक आलं की दोन पायांवर उठतं आणि पंजा सरळ तोंडावर मारतं. अशा रोग्यात एकट्या नाकाचा प्रश्न नसतो. डोळा, गाल, जबडा सगळंच ओरबाडलेलं असतं.

पहिली शस्त्रक्रिया झाल्यावरचे तीन आठवडे रोग्याला सगळ्यांत जड जातात. भुवईपासून नाकापर्यंत कातड्याची एक जाड वळकटी लोंबत असते. चष्मा घालता येत नाही. देठाच्या उघड्या बाजूने पहिले काही दिवस रक्त पाझरतं. वॉर्डमध्ये नर्स दर थोड्या वेळाने येते, नव्या शेंड्यावर बोटाने दाबते आणि सोडते. दाबलं की पांढरं आणि सोडलं की गुलाबी, तर ठीक. निळसर होऊन फुगलं तर पीळ घट्ट बसला, रक्त आत जातं पण परत फिरत नाही. मग सर्जनला फोन. कपाळ ठेंगणं असेल तर कातड्याबरोबर डोक्याचे केसही येतात आणि नाकाच्या शेंड्यावर वाढू लागतात. ते पुढे काढावे लागतात. आणखी एक गंमत आहे. देठ शाबूत असतो तोवर नाकावर माशी बसली तर ती कपाळावर बसल्यासारखी वाटते, कारण मज्जातंतू अजून कपाळाचाच असतो. कपाळाची जखम बरीचशी शिवून टाकतात. वरचा न मिटणारा भाग तसाच उघडा सोडतात आणि तो हळूहळू आपोआप भरून येतो.

प्लास्टिक सर्जरीचे दोन भाग करायची आपल्याला सवय आहे: गरजेची आणि हौसेची. पहिलीबद्दल आदर, दुसरीबद्दल नाक मुरडणं. पण कावसजीला नाक कशासाठी हवं होतं? श्वास तर तो वर्षभर घेतच होता. पोट भरायला त्याला हात जास्त उपयोगी पडला असता, आणि हात त्याला कोणी परत दिला नाही, देताही आला नसता. नाक हवं होतं ते गावात तोंड दाखवायला. नाक कापणं ही शिक्षाच त्यासाठी होती: माणूस जगावा आणि जगताना दिसावा. ही शस्त्रक्रिया जन्माला आली ती दिसण्यासाठीच. त्यामुळे आज मुंबईत कोणी दांडीवरचा उंचवटा घासून घेतला म्हणून त्याला हसायचा हक्क मला तरी सापडत नाही. फरक निकडीचा आहे, जातीचा नाही.

हे सगळ्यांत नीट ओळखलं ते डॉ. नोशीर अंतिया यांनी. इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलिस यांच्या हाताखाली ते शिकले. पहिल्या महायुद्धात चेहरा गमावलेल्या हजारो सैनिकांवर सिडकपच्या रुग्णालयात उपचार झाले, त्या कामाचे प्रमुख हे गिलिस. परतल्यावर अंतियांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम सुरू केलं आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. विटा पाडणाऱ्यांच्या त्या कारागिरानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी पुण्याजवळ पुन्हा नाकं घडू लागली. पण या वेळी गणित नेमकं उलटं होतं.

कुष्ठरोगात बाहेरचं कातडं बहुधा जागेवर असतं. जातं ते आतलं अस्तर आणि कूर्चा, त्यामुळे नाक आत बसतं. तिथे कपाळ कापून उपयोग नसतो. नाक आतून मोकळं करायचं, मांडीचं पातळ कातडं आत नवं अस्तर म्हणून लावायचं आणि ते आक्रसू नये म्हणून आतून आधार ठेवायचा. ही युक्ती गिलिस यांची. बसलेलं नाक असं उभं राहिलं की तोच चेहरा पुन्हा ओळखू येतो. जंतू औषधाने मेलेले असले, रोगी कोणाला बाधा करू शकत नसला, तरी बसकं नाक आणि भुवया गेलेला चेहरा पाहून गाव त्याला दारात उभं करत नाही. त्याला कामावर घेणारा मालक औषधाचा कागद वाचत नाही, तोंड बघतो.

म्हणून भुवयाही करतात. कानाच्या वरच्या भागातली केसाळ कातड्याची अरुंद पट्टी तिच्या धमनीसकट सोडवायची, कातड्याखालून बोगदा काढून पुढे आणायची आणि भुवईच्या जागी बसवायची. पट्टी उचलताना केसांची दिशा नीट पाहावी लागते. उलटी बसली तर भुवईचे केस खाली डोळ्यात येतात. सरळ बसली तरी एक कटकट राहतेच. ते केस डोक्याचे असतात आणि डोक्यासारखेच वाढत राहतात. रोग्याला घरी सोडताना हे आधीच सांगून ठेवावं लागतं: न्हाव्याकडे गेलात की भुवईही कापून घ्या.