‘कफ’ भरला का? गळ्यातल्या नळीचा छोटा फुगा आणि त्यातल्या हवेचा हिशेब

मराठीत ‘कफ’ म्हटलं की छातीतला बेडका आठवतो. पण ज्या रुग्णाच्या गळ्यातून श्वासनळीत नळी बसवली आहे, त्याच्या खाटेजवळ हाच शब्द आणखी एका वस्तूसाठी वापरला जातो. ती वस्तू म्हणजे नळीच्या आतल्या टोकाजवळचा छोटा फुगा. हा ‘कफ’ इंग्रजीतून आला आहे. बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टाही कफच. छातीतला कफ काढायचा असतो, नळीचा कफ मोजून भरायचा असतो. नातेवाइकांनी हा फरक समजून घेतला, तर वॉर्डातलं बरंच बोलणं उलगडतं.

वऱ्हाडात ही नळी कोणाला लागते?

गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनळीत नळी बसवण्याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. रस्ते अपघातात डोक्याला जबर मार लागलेले, पक्षाघाताचे किंवा तोंड-घशाच्या कर्करोगाचे रुग्ण यांना ती लागू शकते. तंबाखू आणि खर्रा खाणाऱ्यांना या कर्करोगाचा धोका जास्त असतो.

कपाशीच्या पट्ट्यात आणखी एक कारण आहे, फवारणीतली विषबाधा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात आणि तोंडात व छातीत स्राव साचतो. अशा रुग्णाला काही दिवस, कधी काही आठवडे व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवावी लागणार असेल, तर डॉक्टर गळ्यातून नळी बसवण्याचा निर्णय घेतात.

फुगा नेमकं काय करतो?

फुगा भरला की नळी आणि श्वासनळीची भिंत यांच्यातली फट बुजते. त्यामुळे व्हेंटिलेटरची हवा वर निसटत नाही आणि लाळ खाली फुप्फुसात उतरणं कमी होतं. कमी होतं, पूर्ण थांबत नाही. म्हणूनच फुगा भरलेला असला तरी रुग्णाला आडवं झोपवून भरवू नये.

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी गळ्यातून फुग्याची नळी बसवून हाताने हवा देण्याची पद्धत वापरली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशवी दाबत राहिले आणि अनेक रुग्ण वाचले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून झाल्याचं मानलं जातं.

नळी जागेवर धरून ठेवणं हे मात्र फुग्याचं काम नाही. ते काम मानेभोवतीच्या पट्टीचं.

२० ते ३० हा आकडा कशासाठी?

बीपीचा पट्टा फुगला की हाताला मुंग्या येतात, कारण रक्त अडतं. तो अर्ध्या-एक मिनिटात सुटतो. नळीचा फुगा मात्र श्वासनळीच्या नाजूक अस्तराला दिवसरात्र टेकलेला असतो. म्हणून त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटर इतका ठेवतात.

दाब ३० च्या वर गेला की अस्तराचा रक्तपुरवठा कमी होऊ लागतो. तसंच चालू राहिलं तर जखम होते आणि पुढे श्वासनळी आकसू शकते. विषबाधेतून वाचून घरी गेलेल्या माणसाला काही आठवड्यांनी धाप लागू लागली, श्वासाचा घर्र आवाज येऊ लागला, तर त्यामागे हेही कारण असू शकतं. दाब २० च्या खाली गेला, तर फुग्यावर साचलेला स्राव खाली झिरपतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

बाहेर लोंबणारा छोटा फुगा बोटांनी दाबून आत हवा आहे की नाही इतकंच कळतं. सायकलची ट्यूब अंगठ्याने दाबून पाहावी, तसा तो अंदाज. खरा दाब मॅनोमीटर या छोट्या यंत्रानेच कळतो. तो दर पाळीला मोजून नोंदवणं ही चांगली पद्धत आहे. हवा पुन्हा पुन्हा भरावी लागत असेल, तर फुगा गळत असेल किंवा नळी सरकली असेल. अशा वेळी नुसती हवा भरत राहू नये, कारण शोधायला हवं.

सर्वात घातक चूक

फुगा भरलेला असताना हवा स्वरयंत्रापर्यंत जात नाही, म्हणून रुग्णाला बोलता येत नाही. बोलता यावं यासाठी नळीच्या तोंडाला एकदिशा झडप लावतात. तिच्यातून श्वास आत जातो, पण बाहेर पडतो तो घशावाटे. फुगा भरलेलाच राहिला आणि झडप लावली, तर श्वास आत जाईल, बाहेर येणार नाही. काही क्षणांतच जीव गुदमरेल. नळीला बूच लावतानाही हाच धोका असतो. आधी फुगा पूर्ण रिकामा, मगच झडप किंवा बूच, हा नियम मोडायचा नाही. फुगा सोडण्याआधी तोंड-घशातला स्राव सक्शनने काढावा लागतो, नाहीतर वर साचलेलं सगळं फुप्फुसात उतरतं.

प्रवासात आणि घरी

अकोल्याच्या सर्वोपचार किंवा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयातून रुग्ण नागपूरला हलवायचा, तर रस्त्यात काही तास जातात. हादऱ्यांनी नळी सरकू शकते. निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर दाब तपासून घेतलेला बरा.

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या एखाद्या गावी नळीसह रुग्ण घरी येणार असेल, तर सुटी घेण्यापूर्वी हे विचारून, लिहून घ्यावं:

• नळी फुग्याची आहे की बिनफुग्याची? नंबर कोणता?
• फुगा घरी भरलेला ठेवायचा की रिकामा?
• फुग्यात हवा भरायची की निर्जंतुक पाणी? काही नळ्यांना पाणीच लागतं.
• नळी निघाली किंवा तुंबली, तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

फुगा भरणं-सोडणं हे शिकवलेल्या माणसाचंच काम आहे. पण श्वास घेताना छाती ओढली जाणं, ओठ निळे पडणं, नळीतून ताजं रक्त येणं, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा अचानक आवाज फुटणं या खुणा जवळ बसलेल्या कोणालाही दिसतात. दिसताच नर्स किंवा डॉक्टरांना हाक मारावी. रुग्ण घरी असेल तर १०८ ला फोन करावा. आणि वॉर्डात असताना ‘आज कफचा दाब किती आहे?’ असं विचारायला संकोच करू नये. त्याचं उत्तर ‘ठीक आहे’ असं नाही, एका आकड्यात मिळायला हवं.