खळ्यातला घेरिया

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे कधी लढत नाहीत. आठवून पाहा. बुरुजावर भालदार, दरवाजाशी दोन पहारेकरी, पायथ्याला गवळण, गुहेत वाघ आणि सगळ्यांत उंच जागी सिंहासनावर महाराज. पेरलेले हळीव चार-पाच दिवसांत वर येतात, पणत्या लागतात, शेजारीपाजारी बघून कौतुक करून जातात. भाऊबीज झाली की मावळे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात आणि खोके माळ्यावर. त्या किल्ल्यावर शत्रू कधी चालून येतच नाही.

आमच्या मालवण पट्ट्यात दिवाळीला थाट नरकासुराचा. तरी किल्ला करायची हौस असलेली घरे आहेत आणि सामान दाराशीच असते: तांबडी माती, चिऱ्यांचे तुकडे आणि पावसाळा सरल्यावर चोपून सारवलेले नवे खळे. गेल्या दिवाळीत आमच्या खळ्यात किल्ला उभा राहिला, तेव्हा बारा वर्षांच्या भाच्याने सगळे मावळे मांडून झाल्यावर विचारले, “मामानू, हे लढतले कधी?”

या प्रश्नाला उत्तर म्हणून जगात एक अख्खा छंद उभा आहे. युरोप-अमेरिकेत मोठी, नोकरीधंद्यातली माणसे सुटीच्या दिवशी टेबलाभोवती जमतात आणि नेपोलियनच्या लढाया पुन्हा लढतात. टेबलावर टेकड्या, गावे, नद्या. त्यांवर रंगवलेले शिपाई. एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने. किती सरकायचे ते मोजपट्टी सांगते, गोळी लागली की नाही ते फासा सांगतो. वॉटर्लू १८ जून १८१५ ला संपली, पण या टेबलांवर ती दर रविवारी कुठे ना कुठे चालू असते आणि कधीकधी नेपोलियन जिंकतोही.

बर्लिनचे टेबल, वेल्सची फरशी

१८१२ साली नेपोलियन मॉस्कोहून बर्फातून माघारी फिरला. त्याच वर्षी प्रशियात फॉन राइस्वित्झ नावाच्या गृहस्थाने राजाला युद्धाच्या खेळाचे एक खास टेबल करून दिले. जमिनीचे उंचसखल तुकडे हवे तसे जुळवून त्यावर सैन्य हलवायचे, अशी त्याची रचना होती. आणि त्याच वर्षीच्या तहांनी कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांच्या ताब्यात गेले. नेपोलियनचा काळ आपल्या किनाऱ्याला शिवला नाही, असे समजायचे कारण नाही.

राइस्वित्झच्या मुलाने १८२४ मध्ये या खेळाचे नीट नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. तिथे शिपाई नव्हतेच, नकाशावर सरकवायचे छोटे ठोकळे होते. शिपायांची भर घातली एका कादंबरीकाराने. एच. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. तो हा खेळ घराच्या फरशीवर किंवा बागेतल्या गवतावर मांडायचा. पायदळाने एका चालीत एक फूट जायचे, घोडदळाने दोन फूट. तोफ डागायची तर तिच्या सहा इंचांच्या आत आपले चार तरी शिपाई जिवंत हवेत. तोफा स्प्रिंगच्या आणि त्यांतून लाकडी गोळी खरोखर सुटायची. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. मोठ्या लढायांपेक्षा या छोट्या लढाया परवडल्या, हे वेल्सने आधीच लिहून ठेवले होते.

दोन इंचांचा शिपाई

वेल्सचे शिपाई साधारण ५४ मिलिमीटर उंचीचे, म्हणजे दोन इंचांहून थोडे जास्त. आज बहुतेक खेळाडू याच्या निम्म्या, २८ मिलिमीटरच्या शिपायांनी खेळतात. काही जण ६ मिलिमीटरच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या शिपायांनी. मोठ्या शिपायाची मजा वेगळी. तो लहान मुलाच्या मुठीत बसतो, त्याच्या मिशा दिसतात, पडला की पडलेला कळतो. पण तो जागा खातो. किती खातो, ते आपल्याच किल्ल्यावर मोजून पाहू.

पावणेदोन मीटरचा माणूस ५४ मिलिमीटरचा केला, म्हणजे बत्तीसपट लहान केला. सिंधुदुर्ग किल्ला त्याच मापात करायचा ठरवला, तर तीस फुटी तट सव्वाअकरा इंचांचा होतो. इथवर ठीक. पण सुमारे तीन किलोमीटरचा तट नव्वद मीटरच्या वर जातो आणि किल्ल्याची ४८ एकर जागा कमी करूनही जवळजवळ दोन गुंठे उरते. घर पाडून किल्ला बांधावा लागेल. त्या काळची बंदूक शंभर यार्डांपलीकडे नेमका माणूस टिपू शकत नसे. ते अंतर या मापात नऊ फुटांच्या थोडे वर जाते. म्हणजे कुठल्याही टेबलाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाचा शिपाई मरणार. मग चाल करायची कुठे?

म्हणून या खेळात दोन मापे चालतात. शिपायाचे माप वेगळे, जमिनीचे वेगळे. जमीन आणखी कितीतरी आवळायची आणि एक शिपाई म्हणजे पन्नास माणसे असे धरायचे. दिवाळीचा किल्ला करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. आमचा मावळा दरवाजापेक्षा उंच आणि महाराज बुरुजापेक्षा मोठे असतात, त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

पोयींचे आरमार

आम्ही सिंधुदुर्ग सोडला आणि विजयदुर्ग घेतला, कारण तिथे लढाईची गोष्ट पुरी आहे. इंग्रजांच्या कागदांत हा किल्ला ‘घेरिया’. तिन्ही बाजूंनी पाणी, बाजूला वाघोटनची खाडी. १७२० साली इंग्रजांनी ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना त्यावर आणला. किल्ला हलला नाही. १७२४ मध्ये डच आले. तेही परत गेले. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचे इंग्रजी आरमार आले, तेव्हा आंग्र्यांचा तोच किल्ला दोन दिवसांत पडला. का पडला, हा आमच्या खेळाचा प्रश्न.

समुद्र म्हणून निळी ताडपत्री पसरली. गलबतांसाठी माडाच्या पोयी, म्हणजे फुलोऱ्याची वाळलेली आवरणे, गोळा केल्या. माडाने होडीचा आकार आयताच दिलेला आहे. इंग्रजांची जहाजे पुठ्ठ्याची. इंग्रजांचा सेनानी क्लाइव्ह जहाजांबरोबर सुमारे चौदाशे सैनिक घेऊन आला होता. एकाला पन्नास या हिशेबाने अठ्ठावीस शिपाई पुरले.

नियम चारच. जहाज वाऱ्याबरोबर सहा इंच, वाऱ्याविरुद्ध तीन. तोफेचा पल्ला एक फूट; पाच किंवा सहा पडला तर गोळा लागला. गोळा लागून फाशावर पुन्हा सहा आला तर तारू पेटले. आणि पेटलेल्या तारवाला चिकटून जे असेल त्याच्यासाठी दर चालीला फासा टाकायचा. चार, पाच किंवा सहा पडला की तेही पेटले.

आंग्र्यांची तारवे आम्ही खरी होती तशी मांडली: किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना बांधलेली. पहिल्या दोन चाली काही झाले नाही. तिसऱ्या चालीत एक पोय पेटली, म्हणजे तिच्यावर लाल चिंधी ठेवली. पुढच्या चालीत शेजारच्या दोन. सहाव्या चालीला सहाच्या सहा पोयींवर लाल चिंध्या होत्या आणि किल्ल्याच्या तटाला अजून एकही गोळा लागला नव्हता. भाचा ताडपत्रीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “सगळी तारवां एकाच जाग्यार कित्या बांधून ठेवल्यानी?”

इतिहासाचा प्रश्न तो हाच. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा एक गोळा आंग्र्यांच्या ताफ्यातल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. जहाज मूळचे इंग्रज कंपनीचे, आंग्र्यांनी पूर्वी जिंकून आणलेले. ते पेटले आणि बांधलेले सगळे आरमार त्याच्याबरोबर जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती होता.

आम्ही खेळ पुन्हा मांडला. या वेळी भाच्याने दोऱ्या सोडल्या आणि पोयी एकेक वीत अंतरावर ठेवल्या. दोन जळाल्या, चार वाचल्या. मग त्याने उरलेल्या बाहेर काढल्या, तेव्हा गुराबेचा, म्हणजे आंग्र्यांच्या लढाऊ जहाजाचा, गुण कळला. गुराबेच्या नाळेवर पुढे तोंड करून तोफा असत; उथळ पाण्यात ती सहज जाई आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबते तिला ओढून नेत. इंग्रजी जहाजाचा मारा बाजूने. त्याच्या मागे वा पुढे राहून ठोकायचे, ही आंग्र्यांची रीत. मोकळ्या पाण्यात हे सगळे चालले असते. तटाखाली बांधून ठेवल्यावर गुराब म्हणजे लाकडाचा ढीग. पुस्तकात हे वाक्य मी अनेकदा वाचले होते. ते पटले ताडपत्रीवर.

मावळे कोणत्या बाजूला?

खरी अडचण जमिनीवर आली. आधीच इंग्रज व्हायला कुणी तयार नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. ते निभले. पण नंतर मला सांगावे लागले की खोक्यातले आणखी वीस मावळे काढा आणि किल्ल्याच्या जमिनीकडच्या बाजूला, इंग्रजांच्या मित्रपक्षात मांडा. मुले माझ्याकडे बघत राहिली.

१७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध करार केला होता. त्याच वर्षी इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. घेरियावर आरमार आले, तेव्हा पेशव्यांची फौज जमिनीवरून वेढा घालून बसली होती आणि तुळाजी बोलणी करायला त्यांच्याच छावणीत गेले होते. किल्ला पेशव्यांच्या माणसांच्या हाती आधी पडू नये म्हणून क्लाइव्ह १२ तारखेच्या रात्रीच आपले सैनिक घेऊन किनाऱ्याला उतरला. म्हणजे या लढाईत बाजू तीन होत्या आणि शेवटची शर्यत दोन मित्रांतली होती. लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना मिळाला, पण त्याच वर्षीच्या नव्या तहाने आणि इंग्रजांना बाणकोट देऊन. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

ज्यांना खास नेपोलियनच्या काळातलीच लढाई हवी, त्यांच्यासाठी आपल्याकडे असई आहे. जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा अंदाज त्याने बांधला आणि सैन्य पार नेले. त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. युरोपातले खेळाडू ही लढाई आवडीने मांडतात. मांडताना त्यांच्याही लक्षात येते की ‘इंग्रजांच्या’ बाजूला बहुतेक शिपाई हिंदी आहेत आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन.

दिवाळीचा किल्ला एकाच बाजूचा असतो आणि तो तसाच असावा. तो दर्शनासाठी आहे. आम्हीही खेळ सुरू करण्यापूर्वी महाराजांची मूर्ती उचलून देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. ती प्यादे नव्हे. पण इतिहास नुसता दर्शनाने कळत नाही. समोरच्या बाजूला बसून, त्याच्या हातात किती शिपाई आहेत ते मोजून, वारा कुठला आहे ते पाहून चाल करावी लागते. मग आपला माणूस कुठे चुकला हे सांगायला मास्तर लागत नाही. आणि आपल्याच मावळ्यांनी आपल्याच किल्ल्याला वेढा घातला होता, हे लपवताही येत नाही.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळे इतकी हुबेहूब होतात की पाहुणा हात घालतो. त्याच हातांनी एखादी गुराब घडवली, तर खळ्यातल्या आरमाराला पोयींवर अवलंबून राहावे लागणार नाही. तोवर पोयी आहेतच. या भाऊबिजेला मावळे खोक्यात भरायची घाई करू नका. दोन फासे आणि एक मोजपट्टी घ्या, चिठ्ठ्या टाका, आणि इंग्रजांची चिठ्ठी तुम्हालाच आली तर कुरकुर न करता खेळा.