आजीला कसं दिसतं?

मास्ट्रिख्टमधला सेंट सर्व्हास पूल १२८० ते १२९८ या काळातला, दगडी. एका संध्याकाळी आम्ही एकमेकांचा हात धरून, जुन्या चष्म्यांचे प्रयोग करीत तो ओलांडला.

काचांना व्हॅसलीन फासलं, तर मोतीबिंदूसारखं धुरकट. सायकलींचे दिवे पसरलेले. मधोमध काळा कागद चिकटवला, तर कमानी दिसतात, पण सोबत्याचा चेहरा नाही. उतारवयात नेत्रपटलाचा मध्यभाग झिजला की असंच होतं.

काचबिंदूसाठी कागदाची नळी लावतात, ती मात्र फसवी. रोग्याला काळी कड दिसतच नाही. एका डोळ्याचं उणं दुसरा भरून काढतो, बाकीचं मेंदू जुळवतो. गेलेली नजर मात्र परत येत नाही. तेव्हा मंडळी, “मला स्वच्छ दिसतं” म्हणून बसू नका. चाळिशीनंतर डोळे तपासून घ्याच!