आधी पंख, मग इंजिन

घरी विमान बांधायचं म्हटलं की जळगाव-धुळ्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन कुठलं? बुलेटचं चालेल का, मारुतीचं बसेल का? सांगाडा काय, वेल्डिंगवाला भाऊ करून देईल. गाडी इथेच चुकीच्या रस्त्याला लागते. आधी पंख, वजन आणि धावपट्टी ठरते. त्यावरून प्रोपेलर ठरतो, आणि तो फिरवायला काय लागेल हा प्रश्न त्यानंतरचा.

‘शेत आपलं, विमान आपलं, विचारणार कोण?’ असंही ऐकू येतं. देशातल्या नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं, म्हणजे डीजीसीए, विचारतं. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात साऱ्यांनी पाहिलं. त्याची नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात, उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ मध्ये, आणि धुळ्याच्या विमानतळावर चाचणीचं उड्डाण झालं २०२० च्या ऑगस्टमध्ये.

आता मोटारीच्या इंजिनाकडे वळू. शंभर अश्वशक्तीचं इंजिन विमानातही शंभरच देणार, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण हमरस्त्यावर एका वेगाने चाललेली मोटार त्यातली थोडीच ताकद वापरते. विमान उडताना सगळी वापरतं आणि पुढे तासन्‌तास पाऊणएक. शिवाय मोटारीचं किंवा बाईकचं इंजिन ती ताकद देतं मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर. १.८ मीटर व्यासाचा प्रोपेलर ५,८०० फेऱ्यांनी थेट फिरवला, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५४० मीटरच्या वर जातो. आवाजाचा वेग साधारण ३४०. टोक त्याच्या जवळ पोहोचलं तरी ओढ घटते आणि गोंगाट तेवढा वाढतो. म्हणून लायकमिंग कंपनीची जुन्या घडणीची विमानाची इंजिनं प्रोपेलर थेट दांड्यावर घेऊन २,७०० च्या आसपास फिरतात, तर ५,८०० वर फिरणाऱ्या रोटॅक्स ९१२ या छोट्या विमानांच्या इंजिनाला गिअरबॉक्स असतो. तो फेऱ्या निम्म्याहूनही खाली आणतो. हाच गिअरबॉक्स किंवा पट्टा घरी जुळवायला गेलं की कंपनं सुरू होतात, आणि घरगुती रूपांतरं बहुधा तिथेच अडतात. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि ठिणगीच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, हेही विसरू नये. एक गेली तर दुसरी घरी आणते.

‘जास्त ताकद, जास्त वेग’ हाही लाडका समज. हवेचा विरोध असा वाढतो, की ८० च्या जागी १६० अश्वशक्ती बसवूनही वेग फार तर सव्वापट होतो. चढ मात्र सुधारतो, पण जड इंजिनाने नाक खाली ओढलं नाही तर. राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन अवघं १२ अश्वशक्तीचं होतं. कमाल होती ती प्रोपेलरची. प्रोपेलर म्हणजे फिरता पंख, हे ओळखून त्यांनी तो स्वतः आखला आणि साखळीने हळू फिरवला. स्थिर कोनाचा प्रोपेलर म्हणजे एकाच गिअरची बाईक: पात्याचा कोन कमी ठेवला तर उड्डाण आणि चढ चांगला, वाढवला तर सरळ उडताना वेग. तीन पाती म्हणजे दीडपट जोर, असंही नाही. जमिनीपासून अंतर कमी असेल, व्यास आखडावा लागेल, तेव्हा तिसरं पातं कामाला येतं. एरवी दोनच बरी.

खान्देशचा खरा प्रश्न उन्हाचा आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर, म्हणून तिथे उंचीची अडचण नाही असं वाटतं. पण मे महिन्यात पारा ४५ ला गेला की तिथली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी विरळ होते. विमानाच्या लेखी जळगाव तेव्हा महाबळेश्वरच्या उंचीवर असतं! पंख, प्रोपेलर, इंजिन तिघांनाही हवा कमी पडते आणि धावपट्टीवरची धाव साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढते. परदेशी माहितीपत्रकातले आकडे १५ अंशांचे असतात, हे लक्षात ठेवूनच इंजिन निवडावं आणि प्रोपेलरचा कोन थोडा कमी घ्यावा.

पेट्रोलचंही तसंच. ‘रोटॅक्सला पंपावरचं चालतं’ हे खरं, पण त्यात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं आहे. इथेनॉल पाणी ओढतं. विमानाचं एव्हगॅस इंडियन ऑइल २०२२ पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतं, पण ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळत नाही.

चाकांचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि मग मोटारसायकलची चाकं पुढे येतात. दुचाकी वळताना कलते, त्यामुळे भार चाकाच्या सरळ रेषेत राहतो. आडव्या वाऱ्यात उतरणारं विमान चाकाला बाजूने रेटतं, आणि तारांची चाकं त्यासाठी घडवलेलीच नसतात. छोट्या विमानांना ५.००-५ किंवा ६.००-६ मापाचे टायर असतात. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. पक्क्या धावपट्टीवर लहान चाक पुरतं. काळ्या मातीत मोठं, कमी हवेचं लागतं. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती चिकटते. अशा पट्टीवर शेपटीखाली चाक असलेलं विमान बरं, कारण प्रोपेलर जमिनीपासून वर राहतो. बदल्यात उतरल्यावर ते गर्रकन फिरू पाहतं आणि पायांना उसंत देत नाही. चाकांवरची सुबक झाकणं वेग थोडा वाढवतात, पण ओल्या शेतात त्यांच्या आत चिखल गच्च बसून चाकच अडतं. पावसाळ्यात ती काढून ठेवावीत.