लांबचा रस्ता, कमी वेळ

दोन विमानतळांमधलं अंतर कळलं की प्रवासाचा वेळ कळला, असं आपण धरून चालतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणात हा हिशोब टिकत नाही. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जायचं; अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, तरी प्रवास साडेचौदा तासांत आटोपला. जवळपास दोन तास वाचले. भागाकार केला तर वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर जातो. बोइंग ७७७ हवेतून ताशी ९००च्या आसपासच उडतं. वरची भर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या वेगवान वाऱ्याची, म्हणजे जेट प्रवाहाची. म्हणून माझं म्हणणं असं, की आकाशातला रस्ता किलोमीटरमध्ये नव्हे, तर तासांत आणि इंधनात मोजावा.

हे मोजमाप उड्डाणाच्या काही तास आधी विमान कंपनीचा उड्डाण-नियोजक, म्हणजे डिस्पॅचर करतो. ताज्या अंदाजातले वारे घेऊन तो वेगवेगळे मार्ग तपासतो आणि फ्लाइट प्लॅन तयार होतो. त्यात वाटेतल्या प्रत्येक टप्प्यापुढे उंची, वाऱ्याची दिशा व वेग, लागणारा वेळ आणि तिथे उरायला हवं ते इंधन लिहिलेलं असतं. वैमानिक टप्पा ओलांडताना प्रत्यक्ष उरलेलं इंधन त्याच्याशी ताडून पाहतात. इंधन हवं तेवढं भरून घ्या, असंही चालत नाही. जादा इंधनाचं वजन वाहून नेण्यातच त्यातलं काही जळतं, शिवाय जड विमान सुरुवातीला पुरेसं उंच चढू शकत नाही. पर्यायी विमानतळ गाठण्यापुरता आणि घिरट्या घालण्यापुरता साठा मात्र सोडता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, वारा लहरी. अंतर तरी पक्कं असतं. पण नकाशावरचं सर्वांत जवळचं अंतर विमानाला क्वचितच मिळतं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. शहरं जागच्या जागी होती, अंतर वाढलं. दुसरा आक्षेप असा, की वारा रोज बदलतो तर तिकिटावर वेळ छापतात कशी? ती त्या त्या ऋतूतल्या अनेक वर्षांच्या वाऱ्यांचा अभ्यास करून ठरवलेली असते आणि त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही धरलेली असते. मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो तो जेट प्रवाहामुळेच. अंतराला महत्त्व नाही असं नव्हे; विमान मुळात पोहोचेल का, हे त्यावरूनच पहिल्यांदा ठरतं. पण कधी पोहोचेल, हे विचारायचं असेल तर दिशा आणि ऋतू सांगितल्याशिवाय प्रश्नच पुरा होत नाही. पुढचं विमान पकडायचं असेल त्याने तरी जाण्याच्या वेळेवरून परतीचा अंदाज बांधू नये.