रस्ता, गाडी, माणूस
लेखांक ९ : ट्रकखाली पट्टी घेऊन

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एक पदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली आणि कतारच्या नावावरचा आधीचा विक्रम मोडला. वऱ्हाडात त्याचं भरपूर कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण रस्ता गुळगुळीत झाला की गाडीचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की ब्रेकचं काम त्याहून जास्त वाढतं. वेग दुप्पट झाला तर गाडी थांबायला सुमारे चौपट अंतर लागतं. रस्त्याचा विक्रम मोजायला घड्याळं आली. त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकचा ब्रेक मात्र आजही अनेक गॅरेजांत नुसत्या हाताच्या अंदाजाने कसला जातो.

मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. टाकीत साधारण आठ बार दाबाची हवा साठवलेली असते. ड्रायव्हरने पेडल दाबलं की ती चाकाजवळच्या डब्यात, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत ‘बूस्टर’मध्ये शिरते. आतला रबरी पडदा फुगतो आणि एक दांडा बाहेर सरकतो. त्या दांड्याने स्लॅक अ‍ॅडजस्टर फिरतो, त्याने कॅम फिरतो आणि लायनर ड्रमला जाऊन भिडतात. लायनर झिजत जातात तसा दांड्याचा प्रवास वाढत जातो. पण त्या प्रवासाला हद्द आहे. दांडा हद्दीजवळ पोचला की हवा पुरेशी असूनही चाकावर जोर येत नाही.

सगळ्यात घातक गोष्ट पुढे आहे. कारच्या तेलाच्या ब्रेकमध्ये बिघाड झाला तर पेडल खोल जातं आणि पायाला लगेच कळतं. हवेच्या ब्रेकमध्ये पेडल फक्त हवेची वाट उघडतं. दांडा किती सरकतोय याची खबर ते पायापर्यंत आणत नाही. त्यात ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि दांड्याला आणखी थोडं पुढे जावं लागतं. म्हणून अकोल्याच्या गॅरेजच्या आवारात नीट थांबलेला ट्रक परतवाड्याहून धारणीकडे जाताना मेळघाटच्या उतारावर दगा देऊ शकतो. ‘गाडी पाहून चालवा’ हे सांगणं सोपं आहे. इथे ड्रायव्हरला पाहण्यासारखं काहीच नसतं. त्याचा जीव खाली शिरलेल्या मिस्त्रीच्या हाती असतो.

आणि मिस्त्री शिकतो कसा? बहुतेक जण पोरवयात गॅरेजात हेल्पर म्हणून लागतात आणि उस्तादाचं पाहून शिकतात. त्या शिक्षणाला कमी लेखण्याचं कारण नाही. नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारी माणसं त्यातूनच तयार झाली. पण पाहून ‘कसं’ तेवढं शिकता येतं, ‘का’ राहून जातं. ड्रायव्हर म्हणतो, “भाऊ, बरेक उशिरा लागून रायला.” मिस्त्री खाली जातो, स्लॅकला पाना लावून दोन आटे देतो. “झालं, जा बिनधास्त.” जुन्या, हाताने कसायच्या स्लॅकला हा इलाज चालायचा. आता बऱ्याच ट्रकांना आपोआप कसला जाणारा स्लॅक असतो. तो स्वतःहून सैल पडला, तर त्यात किंवा ब्रेकच्या दुसऱ्या एखाद्या भागात काहीतरी बिघडलेलं असतं. वरून पाना मारला की तो दोष चार दिवस झाकला जातो, इतकंच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक इथे एप्रिल २००३ मध्ये उतारावर एका डंपरचे ब्रेक निकामी झाले आणि तो मोटारींवर आदळला. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात हीच सवय पुढे आली. म्हणजे ही फक्त वऱ्हाडातली अडचण नाही.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. पण चाळिशीचा, दहा माणसांचं गॅरेज चालवणारा उस्ताद आता वर्गात जाऊन बसणार नाही. प्रशिक्षणानेच त्याच्याकडे जायला हवं, तेही एका वेळी एकच गोष्ट घेऊन. ब्रेकचा पाठ दोन तासांत होतो. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, इंजिन बंद करायचं, पार्किंग ब्रेक सोडायचा. दांड्यावर खडूची खूण करायची. एकाने साधारण सहा बार दाबाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने पट्टीने प्रवास मोजायचा. एकाच धुरीवरच्या दोन्ही चाकांचे आकडे लिहायचे. त्यांत मोठी तफावत असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार. आकडा हद्दीबाहेर गेला तर पाना उचलण्याआधी कारण शोधायचं.

अडचण पैशाचीही आहे. मालक नव्या लायनरचे पैसे देतो, मोजणीचे देत नाही. बिलात ‘मोजमाप’ असा रकानाच नसतो, तर मिस्त्रीने अर्धा तास का घालवावा? फिटनेस प्रमाणपत्रावर भिस्त ठेवावी, तर व्यावसायिक वाहनाची तपासणी पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी होते. दोन तपासण्यांच्या मधे कापूस, सरकी, संत्री वाहणारा ट्रक किती घाट उतरतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. माझ्या मते ट्रकमालकांच्या संघटनांनी मोजणीचा एक ठरलेला दर जाहीर करावा आणि ड्रायव्हरच्या हाती आकड्यांची चिठ्ठी द्यावी. तारीख, चाक, प्रवास, मिस्त्रीची सही. सही करावी लागते म्हटल्यावर पट्टी आपोआप बाहेर निघेल.

पुढच्या लेखांकात टायर : वऱ्हाडातल्या मे महिन्याचं ऊन, रिमोल्ड आणि हवा भरण्याची योग्य वेळ.