अस्सल खोट

चहाच्या टपरीवर परत आलेल्या सुट्ट्या पैशांत एखाद्या रुपयावर केसाएवढी रेघ दिसली, तर नाणं तिरप्या उजेडात धरून भिंगाखाली बघावं. रेघ फुगीर असेल तर खोट टांकसाळीची. खोल असेल तर नुसता ओरखडा. एकामागून एक चकत्या ठोकताना पोलादी ठसा कधीतरी तडकतो. दाबाखालचा धातू त्या भेगेत शिरतो आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर तीच रेघ उठून येते. ओरखड्यात धातू खरवडला जातो, उठत नाही.

कड तुटलेलं नाणं जास्त फसवतं. पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर कापली जाते आणि तिचा कोरीएवढा तुकडा जन्मापासूनच नसतो. पण असा तुकडा कानस लावून कुणीही उडवू शकतो. म्हणून जाणकार तुटलेल्या जागेकडे नव्हे, तिच्या बरोबर समोरच्या कडेकडे पाहतात. ठोकण्याआधी चकतीची कड यंत्रात दाबून उचलतात. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला पुरता दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट राहते. कानसवाल्याला हे साधत नाही.

गायब अक्षराचंही तसंच. ठशाच्या खोबणीत ग्रीस आणि मळ साचला की एखादं अक्षर उमटतच नाही, शेजारचं मात्र ठसठशीत असतं. हाताळून झालेली झीज अशी निवडक नसते. उंच भाग आधी जातात आणि तिथे गुळगुळीत लकाकी येते. आणखी एक खोट ठसा फिरण्याची. आपली नाणी उभ्या अक्षावर फिरवली की छापा आणि काटा दोन्ही सुलट दिसतात. काटा तिरका आला तर ठसा फिरलेला होता.

अशा नाण्यांना लाखो रुपये मिळतात, या जाहिराती बहुतेक थापाच. जुनी नाणी विकत घेण्याच्या बनावट प्रस्तावांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये बजावलं होतं. शोधायचं ते शोधण्याच्या गमतीसाठी.

नवशिक्याने सुरुवात वर्षाखालच्या टांकसाळीच्या खुणेपासून करावी: मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. त्यामुळे तेवढी जागा झिजलेलं मुंबईचं नाणं बिनदिक्कत कोलकात्याच्या डबीत जाऊन बसतं.